गुठळी निघाली, पण रक्त पोचलं का? खाटेजवळच फुप्फुसातला रक्तप्रवाह पाहण्याची रीत

फुप्फुसाच्या धमनीतली गुठळी बाहेर आली, ट्रेमध्ये मांडून तिचा फोटोही काढून झाला, तरी दोन गोष्टी त्या फोटोवरून कळत नाहीत. ज्या भागाचं रक्त अडलं होतं तिथे ते आता जातंय का? आणि गेलेल्या रक्ताला तिथे हवा मिळतेय का?

याची उत्तरं देणाऱ्या चांगल्या तपासण्या आहेत. सीटी अँजिओग्राफीत धमन्यांचा नकाशा दिसतो. किरणोत्सारी टेक्नेशियम लावलेले बारीक कण शिरेतून सोडून केलेल्या पर्फ्युजन स्कॅनमध्ये रक्त कुठवर पोचलं ते दिसतं. पण दोन्हींसाठी रुग्णाला हलवावं लागतं. नुकतीच छाती उघडून बंद केलेली, सोबत व्हेंटिलेटर, चार-पाच इन्फ्युजन पंप, छातीतल्या नळ्या, कधी एक्मो (हृदय-फुप्फुसाचं काम शरीराबाहेरून करणारं यंत्र). असा रुग्ण लिफ्टमधून सीटीच्या मजल्यावर नेणं हीच एक जोखीम असते. खाटेजवळ होणारी इको तपासणी हृदयाच्या उजव्या बाजूवरचा ताण छान दाखवते, पण हवेने भरलेल्या फुप्फुसातून ध्वनिलहरी पुढे जात नाहीत. त्यामुळे आत रक्ताची वाटणी कशी झाली आहे, ते इकोला दिसत नाही.

ही उणीव काही प्रमाणात भरून काढणारं तंत्र म्हणजे इलेक्ट्रिकल इम्पिडन्स टोमोग्राफी, अतिदक्षता विभागातल्या बोलीत ईआयटी. छातीभोवती एक पट्टा आणि शिरेतून १० मिलिलिटर तीव्र मिठाचं पाणी, एवढ्यावर ते चालतं. त्याचं चित्र ढोबळ असतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हे चित्र गुठळी दाखवत नाही आणि किती लिटर रक्त वाहतंय तेही सांगत नाही. एकूण रक्तातला किती वाटा कोणत्या भागाला मिळाला, एवढंच त्यात असतं. ही मर्यादा विसरून चित्र वाचलं की चुका होतात, आणि लक्षात ठेवून वाचलं तर शस्त्रक्रियेच्या आधी-नंतरच्या तुलनेत त्याचा खरोखर उपयोग होतो.

पट्टा नेमकं काय मोजतो

रक्तातून वीज सहज जाते, हवेतून जात नाही. फुप्फुस फुगलं की छातीचा विद्युत अवरोध वाढतो, श्वास सोडला की कमी होतो. पट्ट्यावर यंत्रानुसार १६ किंवा ३२ इलेक्ट्रोड असतात. शेजारच्या दोन इलेक्ट्रोडमधून अगदी थोडा, काही मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतात आणि बाकीच्या जोड्यांवर व्होल्टेज मोजतात. मग पुढची जोडी, मग त्यापुढची. १६ इलेक्ट्रोडच्या पट्ट्यात १६ जोड्या प्रवाह देतात आणि प्रत्येक वेळी उरलेल्या १३ जोड्यांवर मोजणी होते, म्हणजे एका चित्रामागे २०८ मापं. अशी ५० पर्यंत चित्रं एका सेकंदात काढणारी यंत्रं आहेत. प्रवाहाची दिशा सेकंदाला साधारण लाखभर वेळा बदलते, त्यामुळे रुग्णाला काही जाणवत नाही आणि स्नायू फडफडत नाहीत.

या कल्पनेला वैद्यकीय रूप दिलं ते इंग्लंडमधल्या शेफील्डच्या डेव्हिड बार्बर आणि ब्रायन ब्राऊन यांनी, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. हे यंत्र बरीच वर्षं हवा कुठे जाते एवढंच पाहण्यासाठी वापरलं गेलं. आजही बहुतेक ठिकाणी त्याचं मुख्य काम तेच आहे.

रक्तप्रवाह पाहायचा तर अडचण अशी की हृदयाच्या ठोक्यागणिक फुप्फुसाच्या अवरोधात होणारा बदल श्वासाच्या बदलापुढे फार लहान असतो. तो लहान बदल ईसीजीच्या मदतीने गाळून वेगळा काढता येतो. काहीही टोचावं लागत नाही, म्हणून ही पद्धत आकर्षक वाटते. पण त्यात दिसते ती रक्तवाहिनीची धडधड. धडधड आणि प्रवाह एकच नव्हेत. वाहिनी किती लवचीक आहे, आतला दाब किती आहे, शेजारचं हृदय किती हलतंय, सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. धमनीत दाब वाढलेल्या आणि भिंती कडक झालेल्या रुग्णात, म्हणजे ज्याची गुठळी काढायची आहे नेमक्या त्याच रुग्णात, या पद्धतीवर भिस्त ठेवू नये.

म्हणून मिठाचं पाणी. तीव्र क्षारयुक्त द्रावणातून वीज रक्तापेक्षाही सहज जाते. ते मोठ्या शिरेतून झटकन सोडलं की हृदयाच्या उजव्या बाजूतून फुप्फुसात जातं, आणि जिथे जिथे पोचतं तिथला अवरोध घसरतो. गुठळीमागच्या भागात ते पोचतच नाही, तिथे घसरण होत नाही. इनेझ फ्रेरिक्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात ही पद्धत वेगवान सीटीशी ताडून पाहिली. ब्राझीलमधल्या गटाने २०१२ मध्ये फुप्फुस मिटवलेल्या डुकराच्या पिलांवर ती आणखी घासूनपुसून घेतली. बीजिंगच्या पेकिंग युनियन मेडिकल कॉलेज हॉस्पिटलमधल्या गटाने २०२० मध्ये फुप्फुसात गुठळी असलेल्या रुग्णांवर १० मिलिलिटर १० टक्के द्रावण वापरून निष्कर्ष मांडले, आणि तिथून तिचा प्रसार वाढला.

मिठाचा हिशेब

१० टक्के द्रावणाच्या १० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे १७ मिलिमोल सोडियम असतं. ५०० मिलिलिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत ७७ मिलिमोल असतं, म्हणजे एका चाचणीचा भार बाटलीच्या पावपटीहूनही कमी. तीनदा चाचणी केली तर ३ टक्के सलाईनच्या १०० मिलिलिटर बाटलीइतकं सोडियम जातं, सुमारे ५१ मिलिमोल. एका दिवसात दोन-तीन वेळा हे बहुतेकांना चालतं. रक्तातलं सोडियम आधीच लिटरला १५० मिलिमोलच्या वर असेल किंवा लघवी बंद असेल तर मात्र विचार करावा. काही गट ५ टक्के द्रावणावरही काम भागवतात. त्यात मीठ निम्मं, पण संकेतही क्षीण.

खरा धोका मिठाच्या प्रमाणात नाही, तो दुसरीकडे आहे. १० टक्के द्रावणाची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची तीव्रता, लिटरला ३,४०० मिलिऑस्मोलच्या पुढे जाते. रक्ताची असते सुमारे २९०. हे द्रावण हाताच्या बारीक शिरेतून द्यायचं नाही. मानेतल्या किंवा तशाच मोठ्या शिरेतल्या सेंट्रल लाइनमधूनच द्यायचं. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. आपल्याकडे पोटॅशियम क्लोराइडचं १५ टक्क्यांचं १० मिलिलिटर अँप्यूल प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या कपाटात असतं, आणि त्यातलं २० मिलिमोल पोटॅशियम झटकन गेलं तर हृदय थांबतं. घाईत, रात्री, सारख्या आकाराच्या सिरिंजा. म्हणून द्रावण शक्यतो फार्मसीतून तयार करून आणावं, सिरिंज भरतानाच लेबल लावावं, आणि टोचण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचावं.

लाइनचं कोणतं तोंड वापरायचं, हेही ठरवून ठेवावं. ज्या तोंडातून रक्तदाब टिकवणारं नॉरॲड्रेनलिन चालू आहे त्यातून १० मिलिलिटर दाबलं, तर नळीत साठलेलं औषध एका दमात हृदयात जातं, रक्तदाब उसळतो आणि मग काही सेकंद नळीत औषधच नसल्याने कोसळतो. औषधं चालू नसलेलं, शक्यतो टोकाशी उघडणारं, जाड तोंड या कामासाठी राखून ठेवावं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. उजव्या बाजूचा दाब वाढलेल्या रुग्णात हृदयाच्या पडद्यातलं जन्मजात छिद्र उघडं असेल तर तो बुडबुडा थेट मेंदूकडे जाऊ शकतो.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते

पट्टा चौथ्या-पाचव्या बरगड्यांच्या फटीच्या पातळीवर, छातीभोवती आडवा, शरीराच्या उभ्या अक्षाला काटकोनात बसवायचा. तो खाली सरकला की श्वासाबरोबर यकृत आणि श्वासपटल चित्रात शिरतात आणि खालचा भाग विचित्र दिसू लागतो. स्तनांच्या जाड ऊतीवर तो बसू देऊ नये. कोरड्या त्वचेवर संपर्क लागत नाही, तिथे थोडं पाणी किंवा यंत्रासोबतचं जेल लावावं. घामेजलेली त्वचा आधी पुसून घ्यावी. संदर्भासाठीचा वेगळा इलेक्ट्रोड असेल तर तो पोटावर. पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला मार्करने त्वचेवर खूण करावी. शस्त्रक्रियेआधी पट्टा काढायचाच आहे, कारण छाती मधोमध उघडायची असते. नंतर तो नेमका त्याच पातळीवर बसला पाहिजे. दोन बोटं वर-खाली झाला तरी फुप्फुसाचा वेगळाच काप दिसतो, आणि मग आपण शस्त्रक्रियेचा परिणाम पाहतोय की पट्ट्याचा, हे सांगता येत नाही.

नंतरच्या मोजणीत छातीच्या हाडावरची पट्टी आड येते. जाड ड्रेसिंगवर इलेक्ट्रोड लागत नाही. एक-दोन इलेक्ट्रोड बंद असले तरी बरीच यंत्रं हिशेबाने भरून काढतात, त्यापेक्षा जास्त असतील तर चित्रावर विश्वास ठेवू नये. पट्ट्याला जागा मिळावी म्हणून ड्रेसिंग पातळ आणि अरुंद ठेवायला शल्यचिकित्सकांना आधीच सांगितलं तर बरंच काम सोपं होतं. त्वचेखाली हवा पसरली असेल, पट्ट्याच्या जागी उघडी जखम असेल, तर मोजणी सोडून द्यावी. कायमचा पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बसवलेल्यांना ईआयटी लावत नाहीत. या शस्त्रक्रियेनंतर हृदयावर तात्पुरत्या पेसिंगच्या तारा ठेवलेल्या असतात, तेव्हा यंत्राचं सूचनापत्रक त्याबद्दल काय म्हणतं ते आधी वाचावं आणि रुग्ण पेसिंगवर अवलंबून असेल तर पट्टा लांबच ठेवावा. मॉनिटर ईसीजीच्या तारांतूनच श्वास मोजत असेल तर ती सोय बंद करावी, कारण तीही छातीत तसाच प्रवाह सोडते. फुगणारी-आकसणारी हवेची गादी मोजणीपुरती स्थिर ठेवावी.

आता खरी चाचणी. रुग्ण गाढ गुंगीत आणि स्वतःचा श्वास न घेणारा हवा. आधी दोन-तीन मिनिटं नेहमीच्या श्वासाची नोंद घ्यायची. हवेचा नकाशा यावरूनच निघतो. मग व्हेंटिलेटरवर श्वास सोडल्यानंतरचा थांबा द्यायचा, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब) होता तोच. व्हेंटिलेटरची नळी काढून श्वास थांबवू नये. पीप सुटला की फुप्फुस मिटतं. पडद्यावरची अवरोधाची रेषा सपाट झाली की एक-दोन सेकंदांत पूर्ण १० मिलिलिटर सोडायचं आणि थांबा निदान ८ सेकंद टिकवायचा. बहुतेक ठिकाणी १० ते १५ सेकंद धरतात. हृदय दुबळं असेल तर द्रावण उशिरा पोचतं, तेव्हा त्याहून जास्त वेळ लागतो. मग थांबा सोडायचा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. श्वास थांबला की कार्बन डायऑक्साइड वाढतो, ऑक्सिजन घसरतो आणि दोन्हींमुळे फुप्फुसातल्या धमन्या आवळतात. निरोगी उजव्या हृदयाला १५ सेकंदांचं काही वाटत नाही, पण आधीच फुगलेल्या उजव्या हृदयाला ते जाणवू शकतं. रक्तदाब पडू लागला तर थांबा लगेच सोडावा आणि चाचणी गेली असं समजावं. ऑक्सिजन १०० टक्के करून मग श्वास रोखणं सुरक्षित वाटतं, पण ऑक्सिजनचं प्रमाण बदललं की धमन्यांचं आवळणं बदलतं आणि रक्ताची वाटणीही बदलते. वाढवायचंच असेल तर आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही मोजण्यांत सारखं वाढवावं. हाच नियम पीप, श्वासाचं आकारमान, खाटेचा कोन, लाइन, द्रावणाचं प्रमाण, सगळ्यांना लागू आहे. शस्त्रक्रियेआधी सपाट झोपवून आणि नंतर ३० अंश वर करून काढलेली दोन चित्रं शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

रेषा आधी, रंग मागून

पडद्यावर रंगीत नकाशा येतो आणि सगळे त्याकडेच पाहतात. पण आधी पाहायची ती काळानुसार अवरोधाची रेषा. चांगल्या चाचणीत थांब्याच्या वेळी रेषा सपाट असते, तिच्यावर ठोक्यांच्या बारीक लाटा असतात. द्रावण गेल्यावर सर्वांत आधी हृदयाच्या उजव्या भागात घसरण दिसते, एक-दोन ठोक्यांनी दोन्ही फुप्फुसांत, आणि मग डाव्या हृदयात. फुप्फुसातली घसरण तळ गाठून पुन्हा वर येते. घसरणीचा उतार जिथे तीव्र, तिथे रक्ताचा वाटा जास्त, असा हिशेब केला जातो.

मध्येच रेषा वर उडाली तर रुग्णाने श्वास घेतला आहे, चाचणी रद्द. द्रावण जाण्याआधीच रेषा हळूहळू उतरत असेल तर नळीभोवती हवा गळतेय का ते पाहावं. सगळीकडेच उतार मंद असेल तर बहुधा द्रावण हळू ढकललं गेलं, किंवा हृदयाचा जोर कमी आहे. ट्रायकस्पिड झडप फार गळत असेल तरीही तसंच होतं, कारण द्रावण उजव्या हृदयातच मागे-पुढे घोळत पसरतं. हृदयाचा भाग नकाशातून वगळला आहे ना, हेही तपासावं. नाहीतर मधला गडद ठिपका फुप्फुसातला उत्तम प्रवाह म्हणून मोजला जातो. चित्र सीटीसारखं पायांकडून पाहिल्यासारखं असतं, म्हणजे रुग्णाचं उजवं फुप्फुस पडद्याच्या डावीकडे.

रेषा पटली की नकाशे एकावर एक ठेवायचे. सर्वाधिक बदलाच्या २० टक्क्यांहून जास्त बदल असलेला ठिपका ‘हवा जाणारा’ धरायचा आणि तसाच नियम रक्ताला लावायचा, ही बरीच वापरली जाणारी रीत आहे. मग ठिपक्यांचे तीन गट पडतात: हवा आहे रक्त नाही, तो डेड स्पेस, रक्त आहे हवा नाही, तो शंट, दोन्ही आहेत तो जुळलेला भाग. समजा एकूण ४०० ठिपके आहेत. शस्त्रक्रियेआधी १४० मध्ये नुसती हवा, ४० मध्ये नुसतं रक्त आणि २२० मध्ये दोन्ही. म्हणजे डेड स्पेस ३५ टक्के, शंट १० टक्के, जुळलेला भाग ५५ टक्के. शस्त्रक्रियेनंतर ६०, ६० आणि २८० झाले, तर डेड स्पेस १५ वर उतरला आणि जुळलेला भाग ७० वर गेला. शंट मात्र १० वरून १५ वर चढला, आणि रात्रीच्या ड्युटीने लक्ष ठेवायचं ते याच आकड्यावर.

हे डेड स्पेसचे टक्के म्हणजे श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून काढलेला डेड स्पेस नव्हे. दोन्ही आकडे बहुधा एकाच दिशेने हलतात, पण एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. तसेच ज्या भागात हवाही नाही आणि रक्तही नाही, तो या हिशेबात येतच नाही. एक अख्खा खालचा खंड मिटलेला आणि रक्तहीन असेल तर तो नकाशातून गायब होतो आणि उरलेल्याचे टक्के फसवे चांगले दिसतात. म्हणून टक्क्यांसोबत एकूण ठिपक्यांची संख्याही लिहून ठेवावी.

वाटा आणि लिटर

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. निरोगी माणसात उजव्या फुप्फुसाला साधारण ५५ टक्के रक्त जातं. समजा रुग्णाच्या उजव्या मुख्य धमनीत गुठळी आहे, हृदय मिनिटाला ३ लिटर रक्त टाकतंय आणि नकाशा म्हणतो उजवीकडे २० टक्के, डावीकडे ८०. म्हणजे उजवीकडे ०.६ आणि डावीकडे २.४ लिटर. गुठळी काढल्यावर हृदय सावरलं, ५ लिटर टाकू लागलं, आणि नकाशा झाला उजवीकडे ५५, डावीकडे ४५. लिटरमध्ये उजवीकडे २.७५, डावीकडे २.२५. नकाशात डावं फुप्फुस ८० वरून ४५ वर कोसळलेलं दिसतं, प्रत्यक्षात तिथलं रक्त जवळजवळ तेवढंच आहे. हृदय मिनिटाला किती रक्त टाकतंय हा आकडा शेजारी नसेल तर या दोन चित्रांवरून डाव्या बाजूला नवी गुठळी झाल्याची हाकाटी सहज होऊ शकते.

याची उलट बाजू जास्त धोक्याची. गुठळी मुख्य धमनीच्या दुभागावर खोगिरासारखी बसलेली असेल आणि दोन्हीकडचं रक्त सारखंच अडवत असेल, तर वाटा बदलतच नाही. नकाशा नीटनेटका दिसतो आणि रुग्ण मात्र शॉकमध्ये असतो. ईआयटीचा नकाशा चांगला आहे म्हणून गुठळी नाही, असं कधीही म्हणू नये.

शस्त्रक्रियेनंतर दिसणारी चित्रं

गुठळी काढण्याच्या शस्त्रक्रिया दोन जातींच्या. ताजी गुठळी असेल तर हार्ट-लंग मशीनवर धमनी उघडून ती उचलून काढतात. जर्मनीत ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ मध्ये हा प्रयत्न केला होता, पण रुग्ण वाचला तो १९२४ मध्ये, किर्शनर यांच्या हातून. जुनी गुठळी मात्र भिंतीत मुरून दोरखंडासारखी होते आणि धमनीच्या आतल्या अस्तरासकट सोलून काढावी लागते. या शस्त्रक्रियेला पल्मनरी एंडार्टेरेक्टॉमी म्हणतात. त्यासाठी शरीर १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात आणि रक्ताभिसरण पूर्ण थांबवतात, एका वेळी शक्यतो २० मिनिटांच्या आत. ही शस्त्रक्रिया सर्वाधिक सरावाची झाली ती कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोमध्ये, आणि आज भारतातही काही केंद्रांत ती होते. पुढची गुंतागुंत मुख्यतः या दुसऱ्या जातीतली.

सर्वांत नेहमीचं चित्र म्हणजे पाठीकडच्या, विशेषतः डाव्या खालच्या भागात हवा कमी आणि रक्त आहे. हार्ट-लंग मशीनवर राहिल्यानंतर फुप्फुसाचा तो भाग मिटतो, इतकंच. पीप थोडा वाढवून किंवा फुप्फुस उघडण्याची युक्ती करून पुन्हा पाहिलं की हवा परतलेली दिसते.

दुसरं चित्र वरवर त्याच्यासारखंच, पण गंभीर. जिथे रक्त नव्याने सुरू झालं, नेमका तोच भाग काही तासांत हवा गमावू लागतो. वर्षानुवर्षं कोरड्या राहिलेल्या केशिका अचानक आलेल्या रक्ताने झिरपू लागतात आणि हवेच्या पिशव्यांत पाणी भरतं. ही रिपर्फ्युजनची इजा बहुधा पहिल्या ४८ ते ७२ तासांत दिसते. ती ओळखायची खूण म्हणजे जागा: शस्त्रक्रियेआधीचा डेड स्पेसचा नकाशा आणि नंतरचा शंटचा नकाशा एकमेकांवर बसतात. त्यामुळे आधीची मोजणी केलेली नसेल तर हे ओळखता येत नाही. इथे द्रव आवरून द्यायचे, श्वासाचं आकारमान लहान ठेवायचं, पीप टिकवायचा, आणि हृदयाला विनाकारण पळवायचं नाही. श्वासनलिकेत रक्त दिसत असेल तर मात्र ती निव्वळ सूज नाही, वाहिनी फाटल्याची शंका आहे. तिथे ईआयटी बाजूला ठेवून ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी, करावी.

तिसरं चित्र घाबरवतं पण बहुधा निरुपद्रवी असतं. शस्त्रक्रियेआधी चांगला असलेला भाग आता फिका. शेजारचा तुंबलेला नळ मोकळा केला की चालू नळाची धार बारीक होते, तसंच इथे होतं. जुन्या चांगल्या भागातल्या बारीक वाहिन्या वर्षानुवर्षं जादा रक्त सोसून जाड झालेल्या असतात. नवीन मोकळ्या वाटेत अडथळा कमी, म्हणून रक्त तिकडे वळतं. इंग्रजीत याला स्टील म्हणतात. काही आठवड्यांत ते बरंचसं आपोआप सावरतं. धमनीतला दाब उतरलेला असेल, हृदय चांगलं चाललं असेल आणि ऑक्सिजन टिकून असेल, तर फिक्या भागासाठी धावपळ नको.

चौथं चित्र पुढच्या, छातीकडच्या भागात हवा आहे आणि रक्त नाही, दोन्ही बाजूंना सारखंच. हे गुठळीचं लक्षण असण्यापेक्षा पीप जास्त झाल्याचं असण्याची शक्यता अधिक: फुगलेल्या पिशव्यांनी केशिका दाबल्या गेल्या. पीप दोन-तीन सेंटिमीटर पाण्याने उतरवून पुन्हा मोजलं की उत्तर मिळतं. पण एका बाजूचा, खंडाच्या आकाराचा, आधी नसलेला रक्तहीन भाग दिसला, आणि त्याच वेळी धमनीतला दाब वर गेला किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा खूप खाली पडला, तर तो नव्या गुठळीचा इशारा समजून सीटीची जोखीम घ्यावी. रक्त गोठू न देणारं हेपरिन पुरेसं पोचतंय का आणि प्लेटलेट अचानक उतरल्या आहेत का, हेही तेव्हाच पाहावं.

एक्मोवरच्या रुग्णाबद्दल वेगळं सांगायला हवं. शिरेतून रक्त ओढून धमनीत देणाऱ्या एक्मोची ओढनळी उजव्या कर्णिकेत असते. आपण सोडलेलं द्रावण फुप्फुसात जाण्याऐवजी बरंचसं तिथेच ओढलं जातं आणि सगळंच फुप्फुस रक्तहीन दिसतं. एक्मोचा प्रवाह सुरक्षितपणे कमी करता येत असेल तेवढ्या वेळातच मोजावं आणि त्या वेळचा प्रवाह नोंदवून ठेवावा.

नळीवाटे गुठळी ओढून काढण्याच्या पद्धतीत, जिथे मांडीतल्या शिरेतून सुमारे ८ मिलिमीटर जाडीची, २४ फ्रेंच मापाची नळी धमनीपर्यंत नेतात, रुग्ण बहुधा जागा असतो. तिथे व्हेंटिलेटरचा थांबा नाही. धाप लागलेल्या माणसाला ८ सेकंद श्वास धरायला सांगावं लागतं. कित्येकांना ते जमत नाही. आधी दोनदा कोरडी तालीम करून घ्यावी, जमलं तरच द्रावण सोडावं. नाही जमलं तर हवेचा नकाशा, इको, धमनीतला दाब आणि शेवटची अँजिओग्राफी यांवर भागवावं. धाप लागलेल्या रुग्णाला आणखी दमवून एक अर्धवट चित्र मिळवण्यात काही हशील नाही.

वेळापत्रक साधं ठेवता येतं: एक मोजणी भूल दिल्यावर पण छाती उघडण्याआधी, एक अतिदक्षता विभागात आल्यावर रक्तदाब स्थिरावला की, एक दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मधे ऑक्सिजन अचानक घसरला तर तेव्हा. मोजणी झाली की पट्टा सैल करून त्वचा पाहावी. सुजलेल्या, थंड पडलेल्या छातीवर तो तासन्‌तास राहिला तर वळ उठतात आणि फोडही येतात. श्वासाची नळी निघून रुग्ण वॉर्डात गेला की ईआयटीचं काम संपतं. रक्त पातळ ठेवण्याची औषधं चालू राहतात, आणि पुढे तीन ते सहा महिन्यांनी इको, पर्फ्युजन स्कॅन आणि गरजेप्रमाणे उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन करून धमनीतला सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली आला आहे का, ते पाहतात.